दुष्काळ जाहीर कोणी करावयाचा?

माल गलबतावर चढवितांना आपला जुना व्यापारी केवळ वाऱ्याची दिशा पाहत नसे. वाटेंतील बंदर सध्यां कोणाच्या ताब्यांत आहे, तेथला अंमलदार बदलला कीं काय, जकात कोठें वाढली, कोणत्या दोन दरबारांत बिघाड झाला आहे, ह्याची चौकशी केल्यावांचून तो जोखमी हुंडीच्या व्यवहारांत पडत नसे. समुद्राचें तुफान आणि माणसांचें तुफान हीं दोन्हीं तो एकाच वहींत मांडीत असे. सरकारच्या दुष्काळ-निवारणाच्या योजना वाचावयास घेतल्या म्हणजे आम्हांस ह्या व्यापाऱ्याची आठवण होते. त्या योजनांत पर्जन्यमापकांचे आंकडे आहेत, उपग्रहानें टिपलेली पिकांची हिरवळ आहे, जमिनींतील ओल आहे, धरणांतील साठा आहे. टँकर, चारा-छावण्या व मजुरांसाठीं कामें ह्यांचीहि तजवीज आहे. पण एक पान त्यांत नाहीं. दुष्काळ पडला असें शेवटीं कोणी म्हणावयाचें, तें म्हटल्यानें त्या माणसाचें काय बिघडणार आहे, आणि तो म्हणणार नसेल तर पुढें काय करावयाचें, ह्याचा विचार ज्यावर लिहिला आहे तें हें पान होय. पाऊस न पडणें दैवाधीन आहे. पण पाऊस न पडल्याचें कबूल न करणें हें सर्वस्वीं मनुष्याधीन आहे, आणि आजवर माणसें जास्त मेलीं तीं ह्या दुसऱ्या कारणानें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्या मताला पुरावा आपल्याच इतिहासांत पडलेला आहे, आणि तो इतका स्वच्छ आहे कीं एखाद्या वकिलानें तो कोर्टापुढें मांडला असता तर न्यायाधीशास तो बनावट वाटला असता. १८७३-७४ सालीं बिहारांत पाऊस बुडाला. तेथें मदतीचें काम सर रिचर्ड टेंपल ह्यांच्याकडे आलें. त्या मोहिमेंत ब्रह्मदेशाहून व इतर ठिकाणांहून चार लाख टनांवर धान्य आणविण्यांत आलें, कामें सढळ हातानें काढण्यांत आलीं, आणि उपासमारीनें मेलेल्यांची संख्या अगदीं थोडी राहिली. हंगामाच्या शेवटीं सुमारें एक लाख टन धान्य उरलें; तें तोट्यानें विकावें लागलें. झालें! माणसें वांचलीं ह्याची शाबासकी राहिली बाजूला, आणि धान्य उरलें म्हणून टेंपलसाहेबांवर उधळपट्टीचा ठपका आला. पुढें तीन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच १८७६ सालीं दख्खन, कर्नाटक, म्हैसूर व मद्रास इलाखा येथें भयंकर अवर्षण पडलें. जानेवारी १८७७ मध्यें, दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्याचा दरबार आटोपतांच, पाहणी करण्यासाठीं व खर्चास आळा घालण्यासाठीं लॉर्ड लिटन ह्यांनीं ज्या गृहस्थांस दक्षिणेंत पाठविलें, ते हेच टेंपल. ह्या वेळीं त्यांनीं मजुरास दररोज एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड एवढी मजुरी ठरविली. दिवसभर खडी फोडणाऱ्यास अर्धा शेर! मुंबई इलाख्यांतील सुमारें एक लाख मजूर ह्या मजुरीस विटून कामें सोडून निघून गेले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश ह्यांनीं इतक्या अन्नावर कष्ट करणारा मनुष्य जगत नाहीं असें बजाविलें. तो दुष्काळ संपला तेव्हां ब्रिटिश मुलखांतच पन्नास लाखांहून अधिक माणसें गेल्याचा अंदाज झाला.

आतां ह्यांत बदललें काय? गृहस्थ तोच, त्याचा अनुभव ताजा, आणि धान्य वाहून नेण्यास आगगाडी होती. बदलली ती वरिष्ठांची इच्छा. १८७४ सालीं व्हाइसरॉयच्या गादीवर नॉर्थब्रुक होते. १८७६ च्या एप्रिलपासून तेथें लिटन आले होते, आणि त्यांचें लक्ष काबूलकडे लागलें होतें. १८७६ च्या मृगापूर्वींच कोणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या कीं, नवा व्हाइसरॉय काटकसरीच्या हुकुमानिशीं आला आहे, त्यास सरहद्दीवरील लढाईसाठीं पैसा हवा आहे, आणि बिहारांत हात पोळलेला अधिकारी पुन्हां सढळपणा करणार नाहीं, तर पुढील वर्षीं मजुरी किती मिळेल ह्याचा अदमास पावसाचा थेंबहि न मोजतां बांधतां आला असता. आम्ही ज्या पानाविषयीं लिहीत आहों तें पान म्हणजे ह्याच चार ओळी. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा करून सरकारपुढें मांडण्याचें जें काम केलें, तें ह्याच दिशेचें होतें. मात्र तें आग लागल्यावर विहीर दाखविण्यासारखें झालें, त्याला सभेचा नाइलाज होता.

पुढें स्ट्रॅची ह्यांच्या अध्यक्षतेखालीं दुष्काळ-कमिशन बसलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला, आणि त्यांतून प्रांतोप्रांतींचे फॅमिन कोड निघाले. ह्या कोडांची थट्टा करणें सोपें आहे, पण आम्ही ती करणार नाहीं. अशा विषयावर एवढें नेमकें लिखाण त्यापूर्वीं जगांत क्वचितच झालें असेल. दुष्काळाच्या पूर्वचिन्हांचें त्यांतील वर्णन आमच्या व्यापारी वाचकांनीं तर मुद्दाम ध्यानांत घ्यावें. खासगी दानधर्म आटतो व भिकारी गांव सोडून भटकूं लागतात, सावकार उधारी आंखडतो, धान्याच्या बाजारांत एकाएकीं धांवपळ सुरू होते, चोऱ्यामाऱ्या वाढतात, चाऱ्याच्या शोधार्थ गुरांचे कळप भलत्या वाटेनें जाऊं लागतात, माणसें अवेळीं गांव सोडतात. हीं चिन्हें दिसतांच चाचणीचीं कामें काढावीं, त्यांवर किती माणसें येतात तें पाहावें, आणि मग पुढचें पाऊल टाकावें, असा क्रम त्यांत होता. पेढीवर बसणाऱ्या माणसास ह्यांतील निम्मीं चिन्हें मामलेदाराच्या आधीं कळतात, हें वेगळें सांगणें नको.

तथापि ह्या कोडांत एक भोंक होतें, आणि तें कायद्याच्या दृष्टीनें पाहणाऱ्यास लगेच दिसतें. हा विधिमंडळानें केलेला कायदा नव्हता. सरकारनें आपल्याच नोकरांस दिलेल्या त्या सूचना होत्या. दुष्काळ आहे असें प्रांतिक सरकारनें जाहीर करावें, मग यंत्र चालू व्हावें. सरकारनें जाहीर केलेंच नाहीं तर रयतेनें कोणत्या कोर्टांत जावें? कोठेंच नाहीं. म्हणजे अन्नाचें कोठार बांधलें, किल्लीहि केली, आणि किल्ली ज्याला दार उघडण्याची धास्ती, त्याच्याच कनवटीस दिली. १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांनीं व सार्वजनिक सभेनें ह्या कोडांतील हक्क मराठींत छापून गांवोगांव वांटले, पीक बुडालें असेल तेथें साऱ्याची सूट मागा म्हणून शेतकऱ्यांस सांगितलें. वस्तुतः सरकारच्याच सूचना सरकारच्याच रयतेस वाचून दाखविणें ह्यांत राजद्रोह कसला? पण १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. कोड वाचावयाचें तें कचेरींत. चावडीवर वाचलें कीं तें बंड होतें, असा त्याचा अर्थ झाला.

ह्या भोंकाची पुरी किंमत वसूल झाली ती बंगालांत, १९४३ सालीं. त्या प्रकरणावर आम्ही थोडें अधिक थांबणार आहों. कारण जोखमीचें तें पान कोऱ्याचें कोरें राहिलें म्हणजे काय होतें, हें त्यांतून जितकें दिसतें तितकें दुसऱ्या कशांतून दिसत नाहीं. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें व ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरल्यास त्याच्या हातीं कांहीं लागूं नये म्हणून सरकारनें किनाऱ्याच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलला, आणि दहा किंवा अधिक माणसें नेऊं शकणाऱ्या हजारों होड्या काढून घेतल्या अगर मोडून टाकल्या. बंगालच्या खाडीमुलखांत होडी म्हणजे बैलगाडी, बाजार व कोळ्याचें पोट हीं तिन्हीं एकदम. त्यांतच १६ ऑक्टोबर १९४२ रोजीं मेदिनीपूरवर चक्रीवादळ आदळलें. सरकारी आंकड्याप्रमाणेंच सुमारें १४,५०० माणसें बुडालीं. युद्धाचें निमित्त सांगून त्या वादळाची बातमीसुद्धां कांहीं दिवस दाबून ठेवण्यांत आली. तो जिल्हा त्या वेळीं 'चले जाव'च्या चळवळीनें पेटलेला होता, हें वाचकांनीं ह्या ठिकाणीं लक्षांत ठेवावें.

कलकत्त्याच्या बाजारांत तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्यें मणास १३-१४ रुपये होता. मार्चमध्यें २१, मे अखेर ३० च्या वर, आणि ऑगस्टमध्यें ३७ रुपये झाला. कोडाच्या पूर्वचिन्हांतील एकूणएक चिन्ह उघड्यावर नाचत होतें. तरीहि बंगालांत दुष्काळ जाहीर झाला नाहीं. तो कां झाला नाहीं, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मार्चमध्यें फजलुल हक ह्यांचें मंत्रिमंडळ गेलें व एप्रिलमध्यें नाझिमुद्दीन ह्यांचें आलें. नव्या मंत्रिमंडळानें, प्रांतांत धान्य पुरेसें आहे, साठेबाजांनीं तें दडविलें आहे, असें जाहीर सांगण्यास सुरुवात केली. तसें म्हटल्यानें भाव उतरतील अशी त्यांची समजूत; शिवाय तुटवडा कबूल करणें म्हणजे गादीवर बसल्याबरोबर आपलें अपयश कबूल करणें. शेजारच्या प्रांतांस १९४२ पासून आपापलें धान्य बाहेर न जाऊं देण्याची मुभा मिळाली होती, आणि प्रत्येकानें आपलें कुलूप घट्ट केलें. दिल्लीकरांस लष्कराची व कारखान्यांची शिधासामुग्री आधीं, खेड्यांतील कोळी मागाहून. लंडनकडे जहाजें मागण्यांत आलीं. तेथील युद्धमंत्रिमंडळानें मागणीच्या मानानें फारच थोडीं दिलीं. आणि ह्या सर्वांवर कळस असा कीं, कोड लागू केल्यास त्यांत ठरविलेला शिधा द्यावा लागेल व तेवढें धान्य हातीं नाहीं, म्हणून कोडच लागू करीत नाहीं, असें प्रांताच्या प्रभारी गव्हर्नरांनीं व्हाइसरॉयांस कळविलें! कर्ज फेडणें अशक्य म्हणून दस्तऐवजच वाचावयाचा नाहीं, हा युक्तिवाद आम्हीं दिवाणी कोर्टांत ऐकलेला आहे. तीस लाख प्राणांच्या दाव्यांत तो मांडला जाईल असें मात्र कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. वुडहेड ह्यांच्या चौकशी-कमिशननें १९४५ सालीं मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लाख धरला. मागाहूनचे अंदाज वीस ते तीस लाखांपर्यंत गेले.

मग हें मौन फोडलें कोणी? कोणा मंत्र्यानें नव्हे, कीं गव्हर्नरानेंहि नव्हे. 'स्टेट्समन' ह्या इंग्रजांच्याच वर्तमानपत्राचे संपादक इयन स्टीफन्स ह्यांनीं २२ ऑगस्ट १९४३ रोजीं कलकत्त्याच्या रस्त्यांवरील भुकेलेल्यांचीं छायाचित्रें छापलीं. त्यानंतर दिल्लीस व लंडनला नाहीं म्हणण्याची सोय राहिली नाहीं. ऑक्टोबरांत नवे व्हाइसरॉय वेव्हेल आले, त्यांनीं स्वतः कलकत्ता पाहिलें व धान्य वाहण्यास लष्कर लाविलें. लष्कर तर आधींहि होतें! अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत जो हिशेब मांडला, त्याप्रमाणें १९४३ सालचा बंगालचा धान्यसाठा १९४१ पेक्षां कमी नव्हता. लोकांची तो विकत घेण्याची ताकद मात्र नाहींशी झाली होती. त्या हिशेबावर विद्वानांत वाद आहे व तो आम्ही येथें सोडवीत बसणार नाहीं. पण ज्या मुंबई शहराचें ब्रह्मदेशी तांदळावर बरेंच पोट होतें, तेथें मे १९४३ मध्येंच शिधापत्रिका सुरू झाल्या आणि कलकत्त्यास त्या १९४४ चा जानेवारी संपतां-संपतां आल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. युद्ध दोघांसहि तेंच होतें आणि सरकारहि एकच होतें. एका ठिकाणीं तुटवडा आहे हें आधींच कबूल करून त्याची वांटणी केली, दुसऱ्या ठिकाणीं तो नाहीं असें म्हणण्यांत सहा महिने घालविले.

परक्या सरकारचीं पापें मोजतांना आमची लेखणी अडखळत नाहीं, तशी ती स्वकीयांचीं मोजतांनाहि अडखळूं नये. महाराष्ट्र राज्य होऊन सुमारें तीन वर्षें झालीं तों, १९६३ सालीं आपल्या विधिमंडळानें एक चमत्कारिक कायदा केला. राज्यांतील कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकावा व त्याऐवजीं 'टंचाई' ह्या अर्थाचा शब्द घालावा, एवढाच त्याचा हेतु. शेतीच्या स्थितीवर सरकारचें सतत लक्ष असल्यामुळें दुष्काळाची वेळ येणारच नाहीं, असें त्याचें समर्थन. घरांतून साप हा शब्द हद्दपार केल्यानें घरांतील साप जात असता तर किती बरें झालें असतें! नऊ वर्षांनीं, १९७२ सालीं, अवर्षणानें ह्या कायद्याची परीक्षा घेतली.

त्या परीक्षेंत महाराष्ट्र उत्तीर्ण झाला, हें आम्ही अभिमानानें लिहितों. मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, खडीच्या राशी; मजुरांच्या हातांत सुकडी, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. पीक फार वाईट बुडालें असूनहि भूकबळींचा प्रलय आला नाहीं. मात्र ह्याचें श्रेय कोणाचें, हें पाहतांना चूक होऊं नये. कामें मिळालीं तीं मागणाऱ्यांनीं मागितलीं म्हणून. मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर आदळत होते, विधानसभेंत रोज प्रश्न पडत होते, मुंबईंत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं बायका लाटणीं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या, आणि वर्तमानपत्रें गप्प नव्हतीं. सरकारास नाहीं म्हणणें हो म्हणण्यापेक्षां महाग पडूं लागलें, आणि त्यानें हो म्हटलें. आणि ह्याच अनुभवांतून, वि. स. पागे ह्यांनीं लावून धरलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस १९७७ सालच्या कायद्याचें रूप आलें. त्या कायद्याची खरी मातबरी आमच्या मतें पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नाहीं. फॅमिन कोडांत यंत्र सुरू करण्याची कळ सरकारच्या हातीं होती. रोजगार हमीच्या कायद्यांत ती मजुराच्या हातीं दिली. दुष्काळ जाहीर होवो वा न होवो, मजुरानें काम मागितलें कीं पंधरा दिवसांत तें दिलें पाहिजे, नाहींतर भत्ता द्यावा. २००५ सालीं केंद्रानेंहि तेंच तत्त्व सबंध देशासाठीं कायद्यांत घातलें. कोडाच्या भोंकावर आजवर निघालेला एवढाच खरा तोडगा.

पण हा तोडगा मजुरीपुरता आहे. सारामाफी, कर्जवसुलीस तहकुबी, वीजबिलांतील सवलत, विद्यार्थ्यांची फी, टँकर, गुरांचा चारा, हें सर्व अजून जाहीर करण्यावरच टांगलेलें आहे. आणि त्या टांगणीस जो हात लावतो त्यास केंद्राकडील निधि, पुढची निवडणूक व शेजारचा तालुका हीं तिन्हीं दिसत असतात. आणेवारी पन्नास पैशांच्या खालीं उतरली कीं गांव टंचाईग्रस्त, ही जुनी पद्धत. त्यांत ४९ व ५१ ह्यांमधल्या दोन पैशांत किती दबाव मावतो हें खेड्यांतला कोणीहि तलाठी सांगेल. २०१६ सालीं स्वराज अभियानाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ११ मे रोजीं जो निकाल दिला, तो ह्या दृष्टीनें प्रत्येकानें वाचण्यासारखा आहे. बिहार, गुजरात व हरयाणा हीं राज्यें अवर्षण समोर दिसत असूनहि तें कबूल करावयास कां कू करीत होतीं. शहामृगाप्रमाणें डोकें वाळूंत खुपसण्याच्या ह्या वृत्तीवर न्यायालयानें कडक ताशेरे ओढले, आणि जाहीर करणें राज्यांचें काम म्हणून केंद्रासहि हात झटकतां येणार नाहीं असें बजाविलें. त्याच वर्षअखेर केंद्रानें नवीन दुष्काळ-संहिता काढली. तींत शास्त्रीय कसोट्या पुष्कळ आल्या, हें चांगलें झालें. पण केंद्राच्या मदतीचा दरवाजा 'तीव्र' ठरलेल्या दुष्काळासच उघडेल अशी मेख बसल्यामुळें पूर्वींचा झगडा दुष्काळ कीं टंचाई ह्यावर होता, तो आतां मध्यम कीं तीव्र ह्यावर आला. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले; बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली, तेव्हां नोव्हेंबरांत एक हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिति असल्याचें सांगण्यांत आलें. हें 'सदृश' काय प्रकरण आहे? ताप आलेल्या माणसास तापसदृश म्हटल्यानें वैद्याची फी वांचते, ताप उतरत नाहीं.

आपल्याकडील पाण्याची गोष्ट अशीच आहे. जायकवाडींत ऑक्टोबराच्या मध्यास ठराविक प्रमाणाहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून तें सोडावें, असें राज्याच्या जलनियमन प्राधिकरणानें २०१४ सालीं ठरवून दिलें. तरी पाऊस कमी झाला कीं नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा तंटा नव्यानें उभा राहतो. जणूं कांहीं प्रत्येक वेळीं तो प्रथमच ऐकतों आहों. २०१६ च्या मार्चांत लातुरास पाण्याच्या ठिकाणांभोंवतीं फौजदारी कायद्याचें १४४ वें कलम लावावें लागलें, आणि एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. आगगाडी नेण्याची हुशारी सरकारांत होती हें कबूल. पण पाण्यासाठीं माणसें एकमेकांच्या अंगावर जातील हें ज्यास मार्चांत कळलें, त्यास तें आदल्या ऑक्टोबरांत कां कळूं नये?

हा दोष केवळ आपलाच आहे असेंहि नाहीं. १९७३ सालीं इथिओपियाच्या वोल्लो प्रांतांतील दुष्काळ बादशहा हैले सेलासी ह्यांच्या सरकारनें झांकून ठेविला. पुढच्या वर्षीं बादशहा गादीवरून गेले. चीनमध्यें १९५९ सालीं लुशान येथील बैठकींत पेंग दहुआइ ह्यांनीं वस्तुस्थिति सांगण्याचें धाडस केलें, ते पदच्युत झाले, आणि पुढील दोन वर्षांत कोट्यवधि माणसें मेलीं. पण ह्या दोन्ही ठिकाणीं बातमी मिळण्याचीच मारामार होती, असें कोणी म्हणेल. म्हणून सोमालियाचें उदाहरण पाहावें. तेथें पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणांनीं ऑगस्ट २०१० पासून इशारे दिले. पाऊस एकदां गेला, दुसऱ्यांदां गेला, इशारे चालूच. पण दक्षिणेंत अल-शबाबचा अंमल. त्यांनीं परदेशी मदतसंस्थांस हांकलून लावलेलें. आणि मदत अतिरेक्यांच्या हातीं पडल्यास आपल्यावर खटला होईल ह्या भीतीनें अमेरिकेचा पैसा आटलेला. हे दोन्ही अडथळे पावसाच्या आधींपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. संयुक्त राष्ट्रांनीं दुष्काळ जाहीर केला तो २० जुलै २०११ रोजीं. मागाहूनच्या हिशेबाप्रमाणें सुमारें २ लाख ५८ हजार माणसें गेलीं, त्यांत निम्मीं पांच वर्षांखालचीं मुलें होतीं. २०१७ सालीं तशीच वेळ पुन्हां आली तेव्हां मदत आधीं निघाली, आणि दुष्काळ टळला. सुदानांत मात्र २०२३ च्या एप्रिलांत यादवी पेटल्यावर जुनाच खेळ दिसला. ऑगस्ट २०२४ मध्यें दारफुरच्या झमझम छावणींत दुष्काळ असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं दिला. सरकारनें तो नाकारला, आणि डिसेंबरांत ती मोजणी करणाऱ्या व्यवस्थेंतूनच आपलें अंग काढून घेतलें. १९४३ सालीं बंगालच्या अधिकाऱ्यांनीं कोड मिटून ठेवलें होतें. ह्यांनीं तर मोजपट्टीच परत केली.

आतां एक आक्षेप येणार हें आम्हांस ठाऊक आहे. कलेक्टर म्हणतील, मंत्री काय करतील ह्याचा अंदाज लिहून ठेवणें हें आमचें काम नव्हे. तें राजकारण झालें, आणि तें लिहिणारा नोकर फार दिवस त्या खुर्चींत राहणार नाहीं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हें काम कलेक्टरावर टाकूं नये. २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानें जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरण नेमलें आहे व दरसाल योजना करण्यास सांगितलें आहे. त्या योजनेस एक पुरवणी जोडावी, आणि ती लिहिण्यास निवृत्त न्यायाधीश, एक शेतकी शास्त्रज्ञ, बाजारसमितीचा एक माणूस व मजूर संघटनेचा एक माणूस असें लहान मंडळ नेमावें. त्यांनीं मृगापूर्वीं लिहून जाहीर करावें: जाहीर करण्याचा हुकूम कोणाच्या सहीनें निघतो, कोणत्या आंकड्यावर व कोणत्या तारखेपर्यंत तो निघाला पाहिजे, त्या वर्षीं कोणत्या निवडणुका आहेत, कोणतें धरण कोणत्या दोन जिल्ह्यांच्या भांडणांत अडकेल, शेजारचें राज्य चारा बाहेर जाऊं देईल कीं नाहीं, मागच्या खेपेस निधि किती दिवसांनीं आला व कोणाच्या टेबलावर थांबला. आणि कायद्यांत एक वाक्य घालावें: ठरलेल्या तारखेपर्यंत हुकूम निघाला नाहीं आणि आंकडे कसोटीस उतरले असतील, तर दुष्काळ जाहीर झाला असें समजावें, जाहीर न करावयाचें असेल तर त्याचीं कारणें सरकारनें लेखी द्यावीं व तीं उच्च न्यायालयापुढें तपासतां यावीं. ह्यानें पुराव्याचा भार भुकेलेल्याच्या डोक्यावरून उतरून सत्ताधाऱ्याच्या डोक्यावर जातो. ह्याहून मोठी सुधारणा आम्ही मागत नाहीं. ह्याहून लहान सुधारणेनें भागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

जाहीर करण्याची घाई झाली तर व्यापार बिघडेल, भाव भडकतील, अशी भीति कांहीं पेढीवाले आमच्यापाशीं बोलून दाखवितात. बंगालच्या व्यापाऱ्यास विचारतां आलें असतें तर बरें होतें. तेथें भाव भडकले ते जाहीर केल्यानें नव्हे. सरकार कांहीं लपवीत आहे असा सर्वांस संशय आल्यानें. खरा आंकडा समोर असलेला बाजार घाबरत नाहीं. आंकडा दडविलेला बाजार मात्र खोटी अफवाहि रोख पैशानें विकत घेतो.

कायदा होईल तेव्हां होईल. तोंवर, आमच्या बाजारपेठेंतील वाचकांस विनंति अशी कीं, ज्वारी, बाजरी, कडबा व पेंड ह्यांचे भाव, उधारी आंखडली असल्यास तिची हकीकत, आणि ऊसतोडीस अगर शहराकडे वेळेआधीं निघालेल्या बैलगाड्या व ट्रक ह्यांची संख्या, हें त्यांनीं दर शनिवारीं आमच्या कचेरीकडे लिहून धाडावें. गांवाचें नांव छापूं, लिहिणाराचें छापणार नाहीं. जूनपासून डिसेंबरपर्यंतचे सर्व आठवडे एका कोष्टकांत मांडून, त्याच्या शेजारच्या रकान्यांत सरकारी हुकुमांच्या तारखा आम्ही देऊं.